अखमेलविखचे शेत: एका किनारी स्कॉटिश पॅरिशचे नकाशे आणि नावे

स्कॉटलंडच्या वायव्य कोपऱ्यात, सदरलंड परगण्यात, अ‍ॅसिंट नावाची पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या पदराखालचा मुलूख. तिच्या किनाऱ्यावर अखमेलविख नावाची पुळण आहे: पांढरी वाळू, हिरवट निळे पाणी आणि पाठीशी राखाडी कातळाच्या टेकड्या. पाण्यात पाय घालेपर्यंत हा उष्ण देशातला समुद्र वाटावा. नावाचा पहिला तुकडा मात्र वाळूचा नाही. ‘अख’ हा गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक भाषेतल्या ‘आखग’चा लहान झालेला उच्चार, आणि त्याचा अर्थ शेत.

समुद्रकिनाऱ्याला शेत कोण म्हणेल? आणि शेत म्हटलेच, तर उरलेल्या ‘मेलविख’चे काय करायचे?

या पॅरिशच्या नावांकडे मी या एका नावाच्या वाटेने वळलो. नकाशावरचे नाव जसेच्या तसे उचलून अर्थ लावला तर तो अर्धाच लागतो. उरलेल्या अर्ध्यासाठी जुने नकाशे एकावर एक ठेवून वाचावे लागतात. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने हे काम फार सोपे केले आहे. तिच्या संकेतस्थळावर जुना नकाशा आजच्या नकाशावर पसरता येतो आणि हवा तसा पारदर्शक करता येतो. पण काही वेळ असे वाचत बसले की नावांच्या अर्थापेक्षा दुसराच प्रश्न पुढे येतो. हे नाव लिहिणाऱ्याने ते विचारले कोणाला?

होडीतून दिसणारा मुलूख

आधी ‘मेलविख’. याचे उत्तर गेलिकमध्ये नाही, जुन्या नॉर्स भाषेत आहे. ‘मेलर’ म्हणजे वाळूचा उंचवटा, ज्यावर तो कडक, टोकदार किनारी गवताचा प्रकार उगवतो. ‘विक’ म्हणजे लहान आखात. मेल-विक, म्हणजे वाळूची खाडी. हा अर्थ केवळ कानाला बरा वाटतो म्हणून धरलेला नाही. सदरलंडच्याच उत्तर किनाऱ्यावर मेलविख नावाचे दुसरे गाव आहे आणि तिथेही मोठी पुळण आहे. दोन वेगळ्या जागी तेच नाव आणि तीच जमीन सापडली की अंदाजाला पुरावा म्हणता येते. शेजारच्या केथनेस परगण्यातल्या एका शहराचे तर नावच विक आहे.

नॉर्स लोक, म्हणजे स्कँडिनेव्हियाचे दर्यावर्दी, या किनाऱ्यावर 8व्या शतकाच्या अखेरीपासून येऊ लागले आणि पुढे वसलेही. त्यांनी दिलेली नावे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते: ती होडीतून दिलेली आहेत. सूलव्हेन हा अ‍ॅसिंटचा सर्वांत ओळखीचा डोंगर, 731 मीटर उंच. उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून पाहिला तर ती मैल दीड मैल लांब, मधेच खचलेली धार दिसते. खांब म्हणावे असे तिच्यात काहीच नाही. नाव मात्र नॉर्स ‘सूला’वरून, म्हणजे खांबावरून आले आहे, आणि त्याला पुढे गेलिक ‘व्हेन’, म्हणजे डोंगर, चिकटले. समुद्रावरून पाहा: धारेचे फक्त टोक दिसते आणि तो खरोखरच आभाळाला टेकू दिल्यासारखा एकटा खांब वाटतो. शेकडो वर्षांनी आलेले खलाशी त्याच दिशेने येत होते, म्हणून त्यांनाही तो शंकूच्या आकाराच्या साखरेच्या ढेपेसारखा दिसला आणि ते त्याला ‘शुगर लोफ’ म्हणू लागले.

स्टोअरचे तसेच. नॉर्स ‘स्टाउर’ म्हणजे खुंट. स्टोअरच्या भूशिरापाशी समुद्रात सुमारे 60 मीटर उंचीचा एकटा सुळका उभा आहे. जमिनीवरून तिथे जायचे तर बरीच पायपीट करावी लागते, होडीवाल्याला तो आपणहून दिसतो. लॉखिन्व्हर बंदरासमोरचे सोया बेट म्हणजे मेंढ्यांचे बेट. ग्लेन लेरेग ही दरी, पण तिच्या नावात बहुधा ‘लेर-विक’, चिखलाची खाडी, लपली आहे. शेटलंडमधल्या लरविकचाही अर्थ तोच. दरीला खाडीचे नाव मिळाले, कारण नाव ठेवणारा आधी खाडीत शिरला होता. आणि सदरलंड या शब्दाचा अर्थच ‘दक्षिणेचा मुलूख’. ब्रिटनच्या मुख्य भूमीच्या पार उत्तर टोकाला दक्षिण म्हणायला माणूस त्याच्याही उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवरच उभा असायला हवा.

गेलिक नावे दुसऱ्या बाजूने बघतात. क्विनेग हा तीन शिखरांचा डोंगर. ‘कुन्यग’ म्हणजे दुधाची चरवी. गुरे राखणाऱ्या, धार काढणाऱ्या माणसाची ही उपमा आहे. क्लॅशनेसी म्हणजे धबधब्याजवळची घळ, बालखलाडिख म्हणजे किनाऱ्यावरची वाडी, नेड म्हणजे घरटे, ड्रम्बेग म्हणजे लहान सोंड. चालणाऱ्याच्या पायांना आणि राबणाऱ्याच्या पाठीला जे कळते ते या नावांत आहे. मग अखमेलविखमध्ये काय झाले असेल ते दिसू लागते. वाळूच्या खाडीला नॉर्सांनी नाव दिले, पुढे गेलिक बोलणाऱ्यांना ‘मेलविक’चा अर्थ उरला नाही, ते नुसते नाव राहिले, त्या नावाच्या जागेजवळ जे शेत होते त्याला ‘मेलविकचे शेत’ म्हटले गेले. कालांतराने तेच नाव वाडीचे झाले आणि शेवटी फिरून वाळूवर येऊन बसले. इन्व्हरकर्केगचे असेच आहे: ‘इन्व्हर’ हे नदीचे मुख गेलिक, आणि ‘कर्केग’ ही चर्चची खाडी नॉर्स.

खुद्द अ‍ॅसिंट या नावाबद्दल मात्र जपून बोलावे. नॉर्स ‘आस’, खडकाची धार, हा अर्थ सर्वांत पटणारा आहे. पण 19व्या शतकातल्या वर्णनांत त्याची गेलिक फोड ‘आत आणि बाहेर’ अशी केली जाई, किनारा फार दंतुर आहे म्हणून. मला ही फोड आवडते आणि पटत नाही. आपल्याकडेही गावोगावच्या नावांच्या अशा फोडी कमी नाहीत: ऐकायला गोड, आणि नावानंतर जन्मलेल्या.

कानाने लिहिलेली नावे

या मुलखाचे नाव घेण्याजोगे पहिले नकाशे टिमथी पॉन्टचे. 1583 मध्ये सेंट अँड्रूज विद्यापीठातून बाहेर पडलेला हा तरुण त्या शतकाच्या उरलेल्या वर्षांत जवळजवळ सारा स्कॉटलंड पायी फिरला, आणि 1601 पासून केथनेसमधल्या डनेट गावी पाद्री झाला. त्याच्या हातची रेखाटने होती तशी छापली गेली नाहीत. जी उरली ती नॅशनल लायब्ररीत आहेत. सदरलंडच्या वायव्येच्या रेखाटनांत त्याने नावांच्या मधोमध शेरेही लिहिले. हे घोर रान आहे, इथे लांडगे फार आहेत, या जंगलात माणसाचे रक्त पिणाऱ्या काळ्या माश्या आहेत. उन्हाळ्यात तिकडे गेलेला कोणीही शेवटच्या शेऱ्यावर आजही अंगठा उठवील.

पॉन्ट ऐकून लिहीत होता, आणि लिहिण्यासाठी त्याच्याकडे स्कॉट्स भाषेचे, म्हणजे सखल स्कॉटलंडातल्या इंग्रजीच्या बहिणीचे, वर्णलेखन होते. गेलिक नाव त्याच्या कानात शिरून स्कॉट्स अक्षरांत बाहेर पडले. पुढे हे कागद रॉबर्ट गॉर्डन ऑफ स्ट्रालॉख याच्याकडे गेले, त्याने ते दुरुस्त करून पुन्हा काढले, आणि 1654 मध्ये आम्स्टरडॅमच्या योआन ब्लाऊने ते आपल्या मोठ्या नकाशासंग्रहात छापले. म्हणजे अ‍ॅसिंटच्या एखाद्या गुराख्याने उच्चारलेला शब्द आधी स्कॉट्स कान, मग दुसऱ्याची लेखणी, मग गेलिकचा गंध नसलेल्या डच कोरक्याची छिन्नी, इतक्या हातांतून गेला. ब्लाऊच्या नकाशात एखादे नाव ओळखू येत नाही तेव्हा चूक शोधण्यात अर्थ नसतो. ते मोठ्याने वाचावे. पुष्कळदा डोळ्यांना न कळलेले कानाला कळते.

हाच उपाय आजच्या नावांनाही लागू पडतो. इंचनाडॅम्फ हे नाव घ्या. गेलिकमध्ये ते ‘इनिश नान दाव’, सांबरांसारख्या मोठ्या नर हरणांचे कुरण. शेवटच्या ‘दाव’मधला नाकातून निघणारा स्वर आणि ‘व’ पकडायला कोणीतरी ‘म’ आणि ‘फ’ दोन्ही वापरले, आणि तो ‘डॅम्फ’ झाला. काइलस्क्यू म्हणजे ‘अन काअलस कुअंग’, अरुंद सामुद्रधुनी. पुढच्या शब्दाचा पूर्वार्ध मागच्या शब्दाला चिकटला आणि उत्तरार्ध गळाला. तिथे 1984 साली पूल होईपर्यंत पलीकडे नेणारी तर (होडी) चालत असे, आणि अर्धवट नावाने कोणाचे अडले नाही. क्विनेगच्या स्पेलिंगमध्ये तर ‘क्यू’ आला, आणि बाहेरून येणारे सगळे ‘क्वि’ म्हणू लागले. (मीही वर तेच लिहिले आहे, सवय.)

गेलिक न येणाऱ्याची आणखी एक अडचण होते. त्या भाषेत षष्ठीसारख्या ठिकाणी शब्दाचे टोक बदलतेच, पण त्याचे पहिले अक्षरही मऊ पडते. किनारा म्हणजे ‘क्लाडख’, पण ‘किनाऱ्याची वाडी’ म्हणताना तो ‘ख्लाडिख’ होतो. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, आपले सामान्यरूप तेच काम शब्दाच्या शेपटाशी करते. राजापूर तालुक्यात ‘देवाचे गोठणे’ नावाचे गाव आहे. मराठी न येणारा मोजणीदार शब्दकोशात ‘देवाचे’ शोधत बसला, तर त्याला ते कधी मिळणार नाही, आणि मग तो स्वतःच्या मनाने काहीतरी लिहील.

1745 च्या जॅकोबाइट बंडानंतर, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याच्या बाजूने झालेल्या उठावानंतर, लष्कराने हायलंड्सची, स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेची, मोजणी करवली, ती 1747 पासून 1755 पर्यंत चालली. विल्यम रॉयचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. या नकाशात डोंगरांचे उतार छान रंगवले आहेत, कारण फौजेला उतार हवे होते. नावांसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

1774 चा इस्टेटीचा नकाशा

अ‍ॅसिंटचे खरे घबाड म्हणजे जॉन होम याची 1774 ची मोजणी. 18व्या शतकाच्या मध्याला ही पॅरिश सदरलंड घराण्याने विकत घेतली होती. घराण्याची वारस एलिझाबेथ 1765 साली जन्मली आणि पुढच्याच वर्षी आईवडिलांना मुकली. कारभार पालकांच्या हाती होता आणि नवे पट्टे करायचे तर मुलखात काय काय आहे हे त्यांना कागदावर हवे होते. होमने वस्त्यावार नकाशे काढले, जमिनीचे प्रकार वेगळे केले आणि प्रत्येकाचे क्षेत्र मांडले. ही मोजणी 1960 मध्ये स्कॉटिश हिस्टरी सोसायटीने छापून काढली, म्हणून आज ती घरबसल्या अभ्यासता येते.

होमची वस्ती म्हणजे आपण समजतो तसे एका शेतकऱ्याचे शेत नव्हे. वर टॅक्समन असे. तो इस्टेटीकडून सारी वस्ती पट्ट्याने घेई आणि पोटकुळांना लावून देई; कोकणातल्या वाचकाला खोत आठवेल. घरांजवळ खाचरांसारखे लहान लहान लागवडीचे तुकडे, पुढे चराऊ जमीन, आणि आतल्या डोंगरांत शीलिंग. शीलिंग म्हणजे उन्हाळ्यात गुरे घेऊन जाऊन राहण्याचा तळ, जिथे तात्पुरती घरे बांधून दूध, लोणी, चीज केले जाई. गेलिकमध्ये त्याला ‘आरी’ म्हणतात. बायका आणि मुले तिथे आठवडेच्या आठवडे राहत, आणि त्या मुक्कामात कुठल्या ओढ्याला, कुठल्या खडकाला काय म्हणायचे हे पुढच्या पिढीला कळे.

होमच्या कागदांत या शीलिंगांचीही मोजणी आहे, आणि त्यांची मातब्बरी यातच आहे. आज अ‍ॅसिंटच्या आतल्या भागाला सारेच ‘निर्जन रान’ म्हणतात. खडक, पाणी, पुन्हा खडक. भूशास्त्रज्ञ अशा जमिनीला ‘नॉक अँड लॉखन’ म्हणतात, म्हणजे टेकाड आणि तळे, आणि हे दोन्ही शब्द त्यांनी गेलिकमधूनच उचलले आहेत. पण तळ्यातळ्याच्या नावात ‘आरी’ आहे. रान म्हणवणाऱ्या जागेचे नाव ‘गवळ्यांच्या तळाजवळचे तळे’ असेल, तर नकाशा आणि पर्यटनाची पुस्तिका यांतले एक कोणीतरी खोटे बोलते आहे.

होमची मोजणीची साखळी फिरली त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ते शीलिंग रिकामे झाले. एलिझाबेथचे लग्न 1785 मध्ये इंग्लंडमधल्या अतिश्रीमंत लेव्हसन-गोवर घराण्यात झाले, आणि पैसा आला तशी मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांची योजना आली. अ‍ॅसिंटमधली मोठी उठवणूक 1812 मध्ये आणि 1819 च्या सुमारास अशी झाली. आतल्या खोऱ्यांतली कुळे किनाऱ्यावर आणून बसवली. मासे पकडा, समुद्रवनस्पती जाळून राख विका, आणि या लहान तुकड्यावर बटाटे लावा. आतल्या बाजूला एल्फिन आणि नॉकन या दोनच वाड्या राहिल्या.

इथे एक सावधगिरी. होमचा नकाशा पाहून ‘हाच उठवणुकीचा आराखडा’ असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हणू नये. 1774 च्या कागदात त्या काळी होते तेच आहे. पण नकाशा करणाऱ्याने एकरांत मांडलेल्या जमिनीला पुढच्या पिढीच्या कारभाऱ्याने एकरांतच विचार करून उत्तर दिले, हे खरे. आणि त्याच कागदामुळे आज आपल्याला कुठून कोण उठले ते शोधता येते. कागद कोणाचा मिंधा नसतो.

नावांची वही आणि तिचे साक्षीदार

1870 च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत ऑर्डनन्स सर्व्हे, म्हणजे ब्रिटनचे सरकारी नकाशाखाते, सदरलंडमध्ये पोचला. मैलाला सहा इंच या मापाने काम झाले. त्या मापात प्रत्येक घर, प्रत्येक कुंपण दिसते. या मोजणीबरोबर नावांच्या वह्या भरल्या गेल्या. सदरलंडच्या वह्या 1871 ते 1875 या काळातल्या आहेत आणि त्या आता ऑनलाइन वाचता येतात. प्रत्येक पानावर रकाने: नकाशावर लिहायचे नाव, त्याची निरनिराळी स्पेलिंगे, प्रत्येक स्पेलिंग कोणाच्या साक्षीवरून घेतले, जागा कुठे, आणि थोडे वर्णन.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली तिसऱ्या रकान्यात आहे. साक्षीदार कोण? जमीनदार, इस्टेटीचा कारभारी, पाद्री, शाळामास्तर, पोस्टमास्तर. हा योगायोग नव्हता. ऑर्डनन्स सर्व्हेच्या 1905 च्या छापील सूचनांत हा क्रम स्पष्टच दिला आहे, आणि पुढे बजावले आहे की लहान शेतकरी आणि झोपडीत राहणारे यांच्यावर, ते राहतात त्या जागेच्या नावासाठीसुद्धा, विसंबू नये, विशेषतः स्पेलिंगच्या बाबतीत. सूचना नंतरची असली तरी मुरलेल्या पद्धतीचेच ते लिखित रूप होते.

स्पेलिंगचे कारण वरवर रास्त आहे. क्रॉफ्टर, म्हणजे क्रॉफ्ट नावाचा जमिनीचा लहान तुकडा खंडाने कसणारी कुळे, गेलिक बोलत, पण ती लिहायला बहुतेकांना येत नसे. पुढच्या पिढीला तरी येणार होते का? 1872 च्या शिक्षण कायद्याने स्कॉटलंडभर शाळा सक्तीच्या झाल्या आणि त्या कायद्यात गेलिकला जागाच नव्हती. नावांच्या वह्या भरल्या जात होत्या त्याच वर्षांत. म्हणजे ज्याला नाव माहीत त्याला ते लिहायला शिकवायचे नाही, आणि मग लिहिता येत नाही म्हणून त्याला विचारायचे नाही.

आणि ज्याला विचारायचे तो कारभारी कोण, तर क्रॉफ्टरला जमिनीवरून उठवण्याचा अधिकार असलेला माणूस. क्रॉफ्टरांना जमिनीवर टिकून राहण्याचा हक्क कायद्याने 1886 मध्ये मिळाला. त्याआधीच्या क्रॉफ्टरने कारभाऱ्याच्या साक्षीविरुद्ध ‘आम्ही याला असे म्हणत नाही’ हे सांगायला केवढी छाती हवी, याचा विचार वह्या वाचताना करावा.

तरी ऑर्डनन्स सर्व्हेवर सरसकट ठपका ठेवणे मला योग्य वाटत नाही. सर्व्हेच्या माणसांनी हायलंड्समध्ये हजारो गेलिक नावे गेलिक वर्णलेखनात उतरवली, हे त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी केले नसते. अलेक्झांडर कारमायकल या गेलिक संग्राहकाने हेब्रिडीसमध्ये, म्हणजे पश्चिमेकडच्या बेटांवर, त्यांना नावे दुरुस्त करून दिली. तसा माणूस सगळीकडे मिळाला नाही एवढेच. शिवाय वह्यांमुळे निदान कोणाला विचारले हे लेखी उरले. पॉन्टने कोणाला विचारले ते आपल्याला कधीच कळणार नाही.

इथे थोडे आडवळण घेतो. स्वच्छ दिवशी स्टोअरच्या भूशिरावरून मिंच समुद्रापलीकडे लुइस बेट दिसते. तिथल्या स्टॉर्नोवे गावचा कॉलिन मॅकेन्झी 1815 मध्ये भारताचा पहिला सर्व्हेयर जनरल झाला. त्याने दख्खनमध्ये नकाशे काढले ते वेगळ्या पद्धतीने: कावली वेंकट बोरय्या आणि लक्ष्मय्या या भावांसारखे देशी मदतनीस गावोगाव पाठवून तिथल्या जुन्याजाणत्यांकडून माहिती घेतली, शिलालेख उतरवले, कैफियती लिहवून घेतल्या. मराठी कागदही त्या संग्रहात आहेत. त्यामागेही कंपनी सरकारची गरज होती, माया नव्हती. पण हेब्रिडीसचा माणूस कृष्णाकाठच्या गावाला त्याची कैफियत विचारतो, आणि त्याच्या घरासमोरच्या किनाऱ्यावर साठ वर्षांनी गावकऱ्याला त्याच्याच घराचे नाव विचारू नये असे ठरते, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

नावे जगली कशी, मेली कशी, यालाही अ‍ॅसिंटमध्ये एक तऱ्हा आहे. तळ्यांची नावे पुष्कळ टिकली. ट्राउट पकडायला येणाऱ्या पाहुण्यांना तळे दाखवावे लागे, म्हणून गिल्ली, म्हणजे शिकारी-पाहुण्यांचा वाटाड्या, नाव जपून होता. ओढ्यांचीही टिकली, इंचनाडॅम्फजवळचा ट्रॅलिगिल तर अजून नॉर्स भाषेत ‘राक्षसांची घळ’च आहे. शेताच्या बांधांची, किनाऱ्यावरच्या खडकांची, मासे कुठे लागतात ते ओळखायच्या खुणांची नावे मात्र कागदावर चढलीच नाहीत. त्यांच्यावाचून कोणाही पाहुण्याचे अडत नव्हते.

सात तुकडे, तेरा वाड्या

या प्रकरणाचा शेवटचा नकाशा इतिहासाचा म्हणावा इतका जुना नाही. उत्तर अ‍ॅसिंटची जमीन 1989 मध्ये एका स्वीडिश मालमत्ता कंपनीने घेतली होती. ती कंपनी बुडाली आणि 1992 मध्ये ‘नॉर्थ लॉखिन्व्हर इस्टेट’ विक्रीला आली, सात तुकड्यांत. कागदावर रेघा मारल्या होत्या. जमिनीवर क्रॉफ्टर राहत होते.

क्रॉफ्टरांनी बैठका घेतल्या, संस्था काढली आणि एक हत्यार बाहेर काढले. 1976 च्या कायद्याप्रमाणे क्रॉफ्टरला आपला क्रॉफ्ट वर्षाच्या खंडाच्या पंधरापट रकमेला विकत घेण्याचा हक्क होता, आणि खंड अगदीच किरकोळ होते. बाहेरच्या कोणी तुकडा घेतला तर एकेक करून आम्ही आपापले क्रॉफ्ट मागू, असा तो इशारा. तुकड्यांची किंमत तिथेच उतरली. 1 फेब्रुवारी 1993 रोजी सुमारे 21,300 एकर जमीन अ‍ॅसिंट क्रॉफ्टर्स ट्रस्टकडे आली, 3,00,000 पौंडांना. पुढे 2005 मध्ये, सूलव्हेन ज्या जमिनीवर उभा आहे ती ग्लेनकॅनिस्प आणि तिच्या शेजारची ड्रमरनी, अशी सुमारे 44,000 एकर जमीन दुसऱ्या स्थानिक संस्थेने घेतली, तीही नव्या जमीन सुधारणा कायद्याच्या आधाराने.

1993 च्या खरेदीनंतर नव्या मालकांनी इस्टेटीचे नाव बदलले. लॉखिन्व्हर या बंदराचे नाव काढून पॅरिशचे घातले: नॉर्थ अ‍ॅसिंट इस्टेट. आणि इस्टेटीत काय काय येते हे सांगायला सात तुकड्यांऐवजी तेरा वाड्या आल्या. टॉरब्रेक, अखमेलविख, क्लाखटोल, स्टोअर, बालखलाडिख, क्लॅशमोर, रॅफिन, अखनाकार्निन, कलकीन, क्लॅशनेसी, पुन्हा कलकीन, ड्रम्बेग, नेड. ‘कलकीन’ म्हणजे भूशिराची मागची बाजू, आणि भूशिरे दोन असल्याने कलकीनही दोन: एक स्टोअरचे, एक ड्रम्बेगचे. खुर्द-बुद्रुक म्हणायची सोय तिकडे नाही.